मिरचीची रोपं आडवी का पडत होती

साताऱ्यात एकदा पाऊस लागला की गच्चीवर टाकलेलं बी वाहून जातं, म्हणून मे अखेरीस मिरची-वांग्याचं बी मी घरातच टाकते. दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरली, नवव्या दिवशी मिरची उगवली. पुढच्या चार दिवसांत निम्मी रोपं आडवी. एक उपटलं, तर मातीलगतचा देठ भिजल्या दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी झालेला. आई बघताक्षणी म्हणाली, "मर लागलीय गं. पाणी कुठं जातंय त्यातलं?"

कुठंच जात नव्हतं. डब्यांना भोकंच नव्हती. साचलेल्या ओलीत बुरशी माजते आणि कोवळा देठ कुजतो.

दाभण तापवून प्रत्येक डब्याच्या बुडाला पाच-सहा भोकं पाडली. माती बदलली: चाळलेली माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि नारळाच्या शेंडीचा भुसा. कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, आणून शेणखतात मिसळला. कच्चं शेण मात्र अजिबात नको.

खरा फरक पडला तो पाणी देण्याच्या पद्धतीनं. परातीत बोटभर पाणी, त्यात डबे वीस मिनिटं. माती खालून हवं तेवढं ओढून घेते, वरचा थर कोरडाच राहतो. मग डबे उचलून निथळत ठेवायचे.

वांग्यासाठी रद्दी पेपर बाटलीभोवती गुंडाळून पेले केले. ते कागदासकट कुंडीत लावता येतात, मुळं दुखावत नाहीत. सगळं पूर्वेच्या खिडकीत, रोज थोडं फिरवून, नाहीतर रोपं उजेडाकडे वाकून लांबुडकी होतात.

दुसऱ्या खेपेची मिरची आता पाच पानांवर आहे. कालपासून सकाळचे दोन तास बाहेर ठेवतेय.