पहिलं पॉलिशर घेताना आधी थ्रो बघा, मग वॉट

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी एकाच बादलीतल्या, एकाच फडक्याने पुसली जाणारी गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं. ते सगळे बारीक ओरखडे क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात असतात. हा थर कारखान्यातून येतानाच साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. ओरखडा घालवायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत झिजवायचा. हातातलं पॉलिशर, म्हणजे पॉलिश करायचं मशीन, ही झीज किती हळू आणि किती सारखी करतं, यावर पहिली निवड ठरवा.

गॅरेजमध्ये 'रबिंग' ज्या मशीनने करतात ती रोटरी. तिचं पॅड, म्हणजे रंगावर घासणारी पुढची गादी, एकाच आसाभोवती, ६०० ते ३००० आरपीएमने फिरतं आणि कितीही दाबलं तरी फिरत राहतं. त्यामुळे काम झटपट होतं. पण एका जागी दोन-चार सेकंद जास्त थांबलात तर तिथे उष्णता साठते. दाराच्या कडेवर किंवा बॉनेटच्या घडीवर थर मुळात पातळ असतो, तिथे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, वर यायला वेळ लागत नाही. हात बसलेला नसेल तर उन्हात चमकणारे पट्टे, म्हणजे होलोग्राम, उरतात ते वेगळेच. पहिलं मशीन म्हणून रोटरी घेऊ नका. आणि घरातल्या अँगल ग्राइंडरला पॅड लावायचा विचार तर मुळीच नको, त्याचा वेग दहा हजार आरपीएमच्या पुढे असतो.

घ्यायचं ते डीए, ड्युअल अॅक्शन. यात पॅड एका लहान वर्तुळात घुमतं आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही मोकळं फिरतं. जास्त दाबलं किंवा तिरकं धरलं की हे स्वतःभोवतीचं फिरणं थांबतं. नवख्यांना तो दोष वाटतो, पण रंग वाचवणारी गोष्ट तीच आहे: चूक झाली की मशीनची कापण्याची ताकदच कमी होते. गिअरवर चालणारी डीएही मिळतात, उदाहरणार्थ फ्लेक्स कंपनीचं ८ मिमी थ्रोचं (म्हणजे ८ मिमीच्या वर्तुळात घुमणारं) एक्ससी ३४०१. ती दाबून थांबत नाहीत आणि कापतातही छान, पण हात ओढून नेतात. ती दुसरं मशीन म्हणून ठीक.

थ्रो किती हवा

पॅड ज्या वर्तुळात घुमतं त्याचा व्यास म्हणजे थ्रो. बाजारात ८, १२, १५ आणि २१ मिमीची मशीन मिळतात. थ्रो जितका मोठा तितकी सपाट जागेवर गती जास्त आणि वळणावर पॅड थांबण्याची शक्यताही जास्त. २१ मिमीच्या मशीनला बहुधा ६ इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिला वेल्क्रोने चिकटतं ती तबकडी) असते. मोठ्या एसयूव्हीच्या छतावर ते फार सुरेख चालतं. पण हॅचबॅकचे दरवाजे, त्यांवरच्या उठलेल्या रेघा आणि गोलसर फेंडर पाहिले तर आमचं मत स्पष्ट आहे: १२ किंवा १५ मिमी आणि ५ इंची बॅकिंग प्लेट. पिलर, आरशाचं कव्हर आणि बंपरचे कोपरे यांसाठी पुढे ३ इंची छोटं मशीन घ्या. मोठ्या मशीनलाच छोटी प्लेट लावून भागवू नका. आतलं प्रतिवजन ठरावीक आकाराच्या प्लेट-पॅडसाठी जुळवलेलं असतं, ते बिघडलं की हाताला मुंग्या येतील इतकं मशीन थरथरतं.

नावातल्या आकड्यावरून घाईने अंदाज बांधू नका. रुपेस कंपनीच्या एलएचआर १५ आणि एलएचआर २१ मध्ये आकडा थ्रोचा आहे, पण एलएचआर ७५ मधला ७५ प्लेटच्या व्यासाचा.

ऑनलाइन यादीत थ्रो मिमीमध्ये दिलेलाच नसेल तर ते मशीन सोडून द्या. दोन मुठींचं, १० इंची कापडी टोपीचं स्वस्त यंत्र मेण पसरवण्यापुरतं असतं, ओरखडे त्याने जात नाहीत. लाकूड घासायचा रँडम ऑर्बिटल सँडर दिसायला अगदी डीएसारखा, पण त्याचा थ्रो २.५ ते ५ मिमीच असतो.

वॉटच्या आकड्याला भुलू नका, चांगल्या बांधणीचं ५०० वॉटचं मशीन गाडीला पुरतं. त्यापेक्षा दाबल्यावर वेग टिकवणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, हळू सुरू होणारी मोटर आणि जवळपास मिळणारे मोटरचे कार्बन ब्रश व बॅकिंग प्लेट बघा.

सगळे पैसे मशीनवर संपवू नका, पॅडसाठी राखून ठेवा. एका हॅचबॅकला किमान सहा लागतात: दोन मायक्रोफायबर किंवा कडक फोम, दोन मध्यम, दोन मऊ. पॅड प्लेटपेक्षा अर्धा इंच मोठं हवं, नाहीतर प्लेटची कड रंगाला घासते.

पहिला चौकोन

गाडी धुवा, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवा, काळ्या प्लास्टिकवर आणि कडांवर मास्किंग टेप लावा. सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच सुरुवात करा. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारा. पॅड खरंच फिरतंय की नुसतं थरथरतंय, हे तीच सांगते.

मध्यम पॅड आणि मध्यम पॉलिशपासून सुरुवात करा. कोरड्या पॅडवर पहिल्यांदा पॉलिश बोटाने पातळ चोळून घ्या, मग वाटाण्याएवढे चार थेंब. बॉनेटवर ५० सेंटिमीटरचा चौकोन ठरवा. पॅड पत्र्याला टेकवूनच बटण दाबा, नाहीतर शिंतोडे काचेपर्यंत जातात. वेग १ वर पसरवा, मग सहापैकी ४ किंवा ५ वर न्या. मशीनच्या वजनावर हाताचा थोडाच भार, सरकण्याची गती सेकंदाला २ ते ३ सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा. एकदा आडवं, एकदा उभं. असे दोन ते तीन फेर. पुसून पाण्यात १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून फवारा, पुन्हा पुसा आणि टॉर्चने बघा. तेलकटपणा गेला की खरं काम दिसतं. ओरखडे उरले असतील तरच कडक पॅडकडे जा. त्याने गडद रंगावर धुरकटपणा आला तर मऊ फोम आणि बारीक पॉलिशने तो काढा. हा चौकोन जमला की तीच जोडी सगळ्या गाडीला.

रेघ फिरायची थांबली तर पॅड आधी सपाट करा, मग दाब कमी करा; वेग वाढवणं शेवटी. पांढरी भुकटी उडू लागली तर पॅड भरलंय किंवा पॉलिश वाळलंय. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, दोन-तीन भागांनंतर बदला. बंपरवर विशेष जपून: प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, ती रंगातच साठते.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आधी डाग काढणाऱ्या आम्लयुक्त क्लीनरने घालवून बघा. क्षार नुसता वर बसलेला असेल तर त्यासाठी क्लिअर कोट झिजवायचं कारण नाही. नख अडकेल इतका खोल चरा पॉलिशने भरत नाही, आणि मॅट रंगावर तर मशीन लावायचंच नाही.

काम थांबवताना पॅड काढून मशीन आडवं ठेवा. गरम पॅडवर उभं ठेवलं तर फोम दबून वाकडा होतो आणि वेल्क्रोचे आकडे वाकतात. मग पुढच्या वेळी पॅड मध्यावर बसत नाही आणि मशीन थरथरतं.