विहिरीत, टाकीत माणूस उतरवायच्या आधी हे वाचा

पाऊस सुरू व्हायच्या आत विहिरीचा गाळ काढायचा, शेणाची टाकी रिकामी करायची, सगळी कामं एकदमच अंगावर येतात आणि मग दोन माणसं दोराने खाली सोडली की झालं, असं आपण धरून चालतो. खाली हवा कशी आहे ते कोण बघतं?

नेहमीच्या हवेत ऑक्सिजन जवळपास 21 टक्के. 19.5 च्या खाली असेल तर उतरायचंच नाही, आणि 10 च्या खाली गेला तर माणसाला ओरडायलाही सुचत नाही, शुद्धच जाते. वापरात नसलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजतो, त्यात ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशीच बसून राहतो. वरून फक्त गाळ दिसतो.

शेणाच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड त्याहून वाईट. सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून लोक म्हणतात वास गेला म्हणजे गॅस गेला. अहो उलटं आहे, 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि 500-700 ला काही मिनिटांत माणूस कोसळतो. टाकी ढवळली की हा गॅस भसकन वर येतो, त्यामुळे पहिला अर्धा तास तरी माणसं, जनावरं सगळी लांब ठेवा.

दिवा सोडून बघायची जुनी पद्धत आहे. दिवा विझला तर उतरू नका हे बरोबर, पण जळत राहिला म्हणून उतरा असं नाही, कारण विषारी गॅस दिव्याला कळत नाही आणि मिथेन हा पेट घेणारा गॅस हवेत 5 ते 15 टक्के असेल तर त्याच दिव्याने भडका उडेल. चार गॅस (ऑक्सिजन, मिथेनसारखे पेटणारे गॅस, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड) दाखवणारं मीटर मिळवा, ते दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाला रीडिंग घ्या. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा आणि शेवटचा माणूस वर येईपर्यंत बंद करू नका. ऑक्सिजनचं सिलिंडर खाली सोडायचं नाही, आगीचा धोका. डिझेल पंप तर विहिरीत उतरवूच नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास पण नसतो. तोंडाला ओला रुमाल बांधला तरी यातला एकही गॅस अडत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. खाली एकजण पडला की भाऊ उडी मारतो, मग त्याच्यामागे बाप, आणि एकाच टाकीत घरातली दोन-तीन माणसं जातात. म्हणून उतरणाऱ्याला आधीच हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) घाला, त्याचा दोर वर चरक्याला (दोर गुंडाळायचं चाक) किंवा तिकाटण्याला (तीन पायांची घोडी) बांधा, म्हणजे तो बोलेनासा झाला की कोणीही खाली न जाता त्याला ओढून काढता येईल. वर दोन माणसं, त्यांना दुसरं काम सांगायचं नाही. ओढता येत नसेल तर फायर ब्रिगेडला फोन, पण उतरायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

मूरघासवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. सायलो (मूरघासाची कोठी) भरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे आत नायट्रोजन डायऑक्साइड असू शकतो, पिवळट-तपकिरी, ब्लीचसारखा वास. तो छातीत गेला तर माणूस त्या वेळी ठीक वाटतो, आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी होतं, तेव्हा नुसता खोकला आला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि सायलोत गेला होता हे आठवणीने सांगा.