क्रँकसेट बदलल्यावर फ्रंट डिरेलर कसा जुळवावा

डिचोलीहून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढणाऱ्या सायकलस्वाराला कधी ना कधी पुढचे दात कमी करावेसे वाटतात. माझ्या सायकलला ५३ आणि ३९ दातांचा क्रँकसेट, म्हणजे पॅडलचे दांडे आणि त्यांना जोडलेल्या दोन दातेरी रिंगा, होता. तो काढून मी ५० आणि ३४ दातांचा बसवून घेतला. चढ हलका झाला, पण मोठ्या रिंगवरून लहान रिंगवर येताना चेन आत पडू लागली. दुकानात फ्रंट डिरेलरचे, म्हणजे चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाचे, दोन स्क्रू फिरवून मिळाले आणि आठवडाभरातच, ऐन घाटाच्या पायथ्याशी, चेन पुन्हा उतरून लहान रिंग आणि फ्रेम यांच्या फटीत घट्ट रुतली. दोष स्क्रूंचा नव्हता. क्रँकसेट बदलला, तरी डिरेलर जुन्याच उंचीवर राहिला होता.

म्हणून या कामात क्रम सर्वात महत्त्वाचा आहे: आधी उंची, मग कोन, नंतर आतला स्क्रू, त्यानंतर केबल आणि शेवटी बाहेरचा स्क्रू. उंची चुकलेली असेल, तर पुढे कितीही बारकाईने स्क्रू फिरवले तरी उपयोग होत नाही.

सुरुवातीला नवा क्रँकसेट फ्रेमपासून योग्य अंतरावर बसला आहे ना, हे पाहावे. दोन रिंगांच्या रोड सायकलवर सीटच्या नळीच्या मध्यापासून दोन्ही रिंगांच्या मधल्या रेषेपर्यंतचे अंतर साधारण ४३.५ मिलिमीटर असते. ते बरेच जास्त भरले, तर डिरेलर मोठ्या रिंगपर्यंत पोहोचणारच नाही आणि दोष बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे क्रँकचा आस ज्या बेअरिंगवर फिरतो त्या भागात, शोधावा लागेल. दोन रिंगांमधील दातांचा फरकही मोजावा. बहुतेक रोड डिरेलर १६ दातांपर्यंतचा फरक सांभाळतात. ५० आणि ३४ ही जोडी नेमकी त्या मर्यादेवर येते.

सायकलचे मागचे चाक जमिनीपासून वर राहील अशी सोय करावी. स्टँड नसेल, तर पडवीच्या वाशाला दोर बांधून सीट टांगली तरी चालते. चेन पुढे लहान रिंगवर आणि मागे सर्वात मोठ्या दातेरी चाकावर आणावी, शिफ्टर, म्हणजे गिअर बदलण्याची कळ, पूर्ण सैल करावा आणि केबलचा बोल्ट सोडून केबल मोकळी करावी.

आता उंची. चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यामुळे रिंगचा एक दात कमी झाला की तिची त्रिज्या सुमारे २ मिलिमीटरने घटते. ५३ वरून ५० वर आल्यास डिरेलर जवळजवळ ६ मिलिमीटर खाली सरकवावा लागतो, आणि हे अंतर डोळ्यांनाही सहज दिसते. डिरेलरची जुनी जागा फ्रेमवर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी, ॲलन कीने डिरेलर नळीला धरणाऱ्या पट्ट्याचा बोल्ट सैल करावा आणि पिंजरा, म्हणजे चेन ज्या दोन पात्यांमधून जाते तो भाग, हाताने बाहेर ओढून त्याचे बाहेरचे पाते मोठ्या रिंगच्या दातांच्या बरोबर वर आणावे. पात्याची खालची कड आणि दातांची टोके यांत १ ते ३ मिलिमीटर फट हवी. माझ्याजवळ फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, नाही. मी रुपयाचे नाणे घालून पाहतो, ते सरकत पण फार मोकळे न होता गेले की उंची जमली. मात्र एकाच जागी मोजू नये. चेन सहज चढावी म्हणून मोठ्या रिंगचे काही दात मुद्दाम आखूड ठेवलेले असतात, तेव्हा क्रँक सावकाश पूर्ण फिरवून सर्वात उंच दात पात्याखाली आणावा आणि तिथे मोजावे.

बोल्ट पक्का करण्यापूर्वी वरून वाकून पाहावे: बाहेरचे पाते रिंगला समांतर असले पाहिजे. पट्टा आवळताना डिरेलर किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाहावे. बोल्टवर ५ ते ७ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त जोर नको. पट्ट्याच्या जुन्या जागेवरचा रंग खरवडला असेल आणि फ्रेम पोलादी असेल, तर तिथे नेलपॉलिशचा थर द्यावा. आपल्या खाऱ्या हवेत उघड्या पोलादाला गंज धरायला फारसे दिवस लागत नाहीत.

यानंतर आतला, एल अक्षराचा स्क्रू. पिंजरा किती आत जाईल ते तो ठरवतो. काही डिरेलरवर स्क्रूंची जागा उलट असते, म्हणून अक्षर वाचावे किंवा पाव फेरा फिरवून कोणता भाग हलतो ते पाहावे. चेन लहान रिंग आणि मागचे सर्वात मोठे चाक यांवर असताना पिंजऱ्याचे आतले पाते चेनला घासता कामा नये, पण त्या दोघांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फटही नसावी. चेन आत पडते ती याच जास्तीच्या फटीतून.

केबल गंजलेली किंवा दोरे सुटलेली असेल, तर ती नवीच घालावी. खाणीची लाल धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा आवरणात शिरला की शिफ्टर जड होतो, आणि मग जुळवणी चुकली असा गैरसमज होतो. केबलचा ताण कमीजास्त करणारा बॅरल ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून एक फेरा बाहेर काढावा, केबल पक्कडीने ओढून धरावी आणि बोल्ट आवळावा.

आता चेन मोठ्या रिंगवर आणि मागे सर्वात लहान चाकावर न्यावी. ती चढतच नसेल, तर आधी बाहेरचा, एच अक्षराचा स्क्रू थोडा सैल करावा. बाहेरचे पाते आणि चेन यांत अर्धा मिलिमीटर फट ठेवून स्क्रू थांबवावा.

चेनची लांबी विसरू नये. नवी मोठी रिंग पूर्वीपेक्षा मोठी असेल, तर मोठी रिंग व मागचे मोठे चाक या जोडीवर चेन अपुरी पडून मागचा डिरेलर तुटू शकतो. म्हणून क्रँक हाताने हळू फिरवूनच ही जोडी तपासावी. रिंग लहान झाली असेल, तर लहान-लहान जोडीवर चेन लोंबते का ते पाहावे आणि लोंबत असल्यास दुवे कमी करावेत.

स्टँडवर सर्व गिअर नीट पडले तरी खरी परीक्षा पायाचा जोर लागल्यावरच होते. पणजीतला आल्तिनोचा चढ त्यासाठी पुरेसा आहे: चढ सुरू होण्याआधी, पॅडलवरचा दाब क्षणभर हलका करून लहान रिंगवर यावे आणि चेन स्थिर बसते का ते ऐकावे. नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत थोडी सैल पडते. मोठ्या रिंगवर चढताना चेन रेंगाळू लागली, की ॲडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवावा. स्क्रूंना तेव्हा हात लावू नये.