नॅरोबोटवरचा स्वयंपाक: या चुका टाळा

नॅरोबोट म्हणजे कालव्यावरची लांबट, अरुंद, राहण्याजोगी बोट. तिची रुंदी जेमतेम ७ फूट. जायला-यायला वाट सोडली की स्वयंपाकाला उरतो तो हातभर ओटा, छोटी शेगडी, कमरेएवढा फ्रीज आणि एक सिंक. इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर अशी बोट भाड्याने घेणारी मराठी कुटुंबं सामान भरताना घरचंच स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवतात आणि तिथेच गडबड होते. बोटीवर वीज, पाणी, थंडावा सगळं मोजून मिळतं. शिवाय जी व्यक्ती भात टाकते, तिलाच दहा मिनिटांनी लॉकचं (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या हौदाचं) दार ढकलायला काठावर उतरावं लागतं. खालची मापं ६ माणसं आणि ४ रात्री (सोमवार दुपार ते शुक्रवार सकाळ) धरून दिली आहेत.

विजेची भांडी नेणं

इलेक्ट्रिक कुकर, किटली, मिक्सर, टोस्टर घरीच ठेवा. बोटीची वीज १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येते आणि इन्व्हर्टर तिचे २३० व्होल्ट करतो. घरची ३,००० वॉटची किटली लावली तर बॅटरीवर २५० अँपिअरचा भार पडतो. भाड्याच्या बऱ्याच बोटींवरचा इन्व्हर्टर फोन चार्ज करण्यापुरता आणि टीव्हीपुरताच असतो. जास्त भार आला की तो बंद पडतो आणि बॅटऱ्या उतरल्या की फ्रीजही जातो. पाणी गॅसवरच तापवा. वाटण-घाटण घरी करून गोठवून न्या.

बोटीवर पातेली, फ्रायपॅन, ताटल्या, कप आणि काटे-चमचे असतात. प्रेशर कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, चिमटा, चहाची गाळणी आणि चांगली धारेची सुरी मात्र आपली आपण न्यायची. कुकर ५ लिटरचा पुरे. कढई रुंद नको. बर्नर एकमेकांना खेटून असतात आणि मोठी कढई ठेवली की शेजारचे अडतात.

फ्रीज ठासून भरणं

सगळ्यात जास्त अन्न वाया जातं ते इथे. बोटीचा फ्रीज इंजिन चालू असताना जोमात चालतो आणि संध्याकाळी बोट बांधली की नुसत्या बॅटरीवर येतो. कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा नियम असा की रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात बांधलेल्या बोटीचं इंजिन चालवायचं नाही. म्हणजे बारा तास नवी वीज नाही. अशा वेळी गरम आमटीचं पातेलं आत ठेवलं किंवा मुलांनी दर पाच मिनिटांनी दार उघडलं, तर सकाळपर्यंत दूध नासलेलं मिळेल.

उपाय सोपे आहेत. पहिल्या दिवशीचं जेवण आणि दुधाच्या दोन प्लॅस्टिक बाटल्या घरी गोठवून न्या. त्या हळूहळू वितळतात आणि तोवर बर्फाचं काम करतात. बाटली गोठवण्याआधी थोडं दूध काढून घ्या, नाहीतर फुगून फुटते. दुधाचा हिशेब करा: ६ जणांचा दिवसाला तीन वेळा चहा, कपाला ६० मिली, म्हणजे रोज १ लिटरच्या वर नुसतं चहालाच. हे सगळं ताजं दूध त्या फ्रीजमध्ये मावत नाही. ४ लिटर टिकाऊ दुधाचे बंद खोके घेतले की ते न उघडता बाहेरच राहतात.

भाज्यांना फ्रीज लागत नाही. बोटीचं तळ पाण्याखाली असतं, त्यामुळे जमिनीलगतच्या, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात हात घातला की पोलाद गार लागतं. काकडी, गाजर, कोबी, फ्लॉवर तिथे छान टिकतात. याच कपाटात पोहे, पापड आणि मीठ मात्र ठेवू नका. पोलादाला घाम सुटतो आणि सकाळी पापड चामड्यासारखे होतात. कोरडा शिधा झिपच्या पिशव्यांत भरून वरच्या कपाटात ठेवा.

उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवू नका. भातातले जंतू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. फ्रीजचा भरवसा नसेल तर भात मोजूनच लावा.

पहिल्याच संध्याकाळी मोठा बेत

बोट दुपारी ताब्यात मिळते. मग गॅस, पंप, इंजिन समजून घेण्यात तास जातो. त्यातून अंधाराआधी बांधायला जागा शोधायची असते. त्या रात्री पुऱ्या-भाजीचा घाट घालू नका. घरून गोठवून आणलेला पुलाव किंवा छोले गरम करा, सोबत दही-काकडी. दुसऱ्या दिवशीच्या दुपारसाठी दशम्या किंवा धपाटे घरूनच करून न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या तिथल्या हवेत दोन दिवस सहज राहतात.

चालत्या बोटीत रांधणं

लॉकमध्ये पाणी सोडलं की बोट पुढे-मागे ओढली जाते आणि दारावर आपटते. शेगडीवर उकळती आमटी किंवा तापलं तेल असेल तर भाजण्याचा धोका असतो. खाली उतरताना तर बोटीचा मागचा भाग लॉकच्या उंबऱ्यावर अडकू नये म्हणून सगळ्यांचं लक्ष बाहेर हवं. लॉक दिसलं की गॅस बंद, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. तळण तर चार दिवस नकोच.

दुपारचं जेवण बिनचुलीचं ठेवा. सुकाणू धरणाऱ्याचा एक हात कायम दांड्यावर असतो, त्यामुळे वाटी-चमचा निरुपयोगी. पोळीला तूप आणि शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी लावून सुरळी करायची आणि अर्ध्यापर्यंत कागदात गुंडाळून हातात द्यायची. वेल्समधल्या लँगॉथ्लेन कालव्यावर जात असाल तर पोंटकसल्टे जलसेतूवर, म्हणजे कालवा दरीवरून नेणाऱ्या पुलावर, खाणं-पिणं थांबवा. अभियंता टॉमस टेल्फर्डचा हा १८०५ सालचा पूल दरीपासून ३८ मीटर उंच आहे. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे बोटीच्या कडेने चहाचे कप पुढे-मागे करायचे नाहीत.

रात्रीचं जेवण बोट बांधल्यावर. दुसऱ्या रात्रीच्या मुगाच्या खिचडीसाठी ३५० ग्रॅम तांदूळ आणि १७५ ग्रॅम मूगडाळ बांधायच्या अर्धा तास आधी धुऊन भिजत घाला. फोडणी करून २ लिटर पाणी घातलं की ५ लिटरचा कुकर बरोबर अर्धा भरतो. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून त्याहून जास्त भरू नका. तीन शिट्ट्या पुरतात. तिसऱ्या रात्री पिठलं-भात (६ जणांना दीड वाटी बेसन, पाच वाट्या पाणी), चौथ्या रात्री आमटी-भात आणि कोबीची भाजी.

फोडणीचा धूर आणि गुपचूप काढलेला अलार्म

एवढ्याशा केबिनमध्ये मोहरी-मिरचीचा धूर झाला की धुराचा अलार्म ओरडतोच. मग कोणीतरी बॅटरी काढून ठेवतं. हे कधीही करू नका. फोडणीआधी खिडकी आणि पुढचं दार उघडा, तेल कमी तापवा, मिरची गॅस बंद केल्यावर टाका. थंडी वाजते म्हणून दारांखालच्या आणि छतावरच्या झरोक्यांत टॉवेल कोंबू नका. जळत्या गॅसला हवा लागते, ती अडली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग. निखारे विझल्यासारखे दिसले तरी बार्बेक्यूची शेगडी आत आणू नका, याच कारणाने.

सिंकमध्ये तेल ओतणं

बोटीच्या सिंकचं पाणी थेट कालव्यात जातं. ताटं आधी कागदाने पुसा, उरलेलं तेल बाटलीत भरा, डाळीचा गाळ कचऱ्याच्या पिशवीत टाका. शिळं अन्न टॉयलेटमध्येही नको. टॉयलेटची टाकी पंपाने उपसतात आणि तिची नळी तुंबते.

शिधा: कमी पडतो तो आणि उगाच जातो तो

तांदूळ २ किलो, कणीक दीड किलो, मूगडाळ आणि तूरडाळ मिळून १ किलो, पोहे ८५० ग्रॅम (दोन सकाळी, माणशी ७० ग्रॅम), रवा अर्धा किलो, बेसन अर्धा किलो, तेल अर्धा लिटर, कांदे ३ किलो, बटाटे २ किलो. मिसळणाचा डबा घरचाच भरून न्या. काठावरच्या खेड्यातल्या दुकानात ब्रेड, अंडी, दूध मिळेल, हिंग आणि गोडा मसाला नाही. ओलं खोबरं टाळून सुकं न्या. मेतकूट आणि भाजणी एकेक डबा ठेवाच. मजल लांबली की त्यावरच भागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, तेव्हा आठवड्याच्या शेवटी निघणाऱ्यांनी बाजाराचा दिवस बघून ठरवावा.

भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा: चटण्या आणाव्यात, पण पेढे, खवा, साजूक तूप नको. दुधाचे पदार्थ प्रवाशांनी ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे.

अडलं तर

गॅस पेटतो पण बटण सोडताच विझतो: शेगडीत सुरक्षेची कळ असते. बटण दाबून १०-१५ सेकंद धरा.

नळ बंद असून पंप घरघरत राहतो: टाकी संपली आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पंपाचं बटण लगेच बंद करा, कोरडा चालला तर जळतो. टाकी रोज भरायची सवय ठेवा. भरायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात कांदे चिरून होतात.

गॅसचा वास आला: ज्योत विझवा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका, बाहेरच्या कप्प्यातल्या सिलिंडरचा खटका फिरवा, सगळ्यांना काठावर उतरवा आणि मग कंपनीला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साठतो, नुसती खिडकी उघडून निघून जात नाही.

शेवटच्या सकाळी बोट ९ च्या सुमारास परत द्यायची असते. आदल्या रात्रीच फ्रीज रिकामा करा, उरलेल्या भाज्यांचा उपमा लावा आणि चहापुरतं एक पातेलं बाहेर ठेवून बाकीची भांडी घासून टाका.