पांढरी मुळी चालू आहे का? बर्फाच्या प्रदेशातली बाग, जमिनीखालून

आमचं माहेर निफाडचं, द्राक्षाच्या बागेचं. अण्णा बागेत गेले की आधी पान बघत नाहीत, घड बघत नाहीत. बुडाशी बसतात, खुरप्याने चार बोटं माती उकरतात आणि विचारतात, "पांढरी मुळी चालू आहे का?" पांढरी मुळी म्हणजे नवी, कोवळी, वाढत असलेली मुळं. ती चालू असेल तर पाणी-खत लागू पडतं, थांबली असेल तर टाकलेलं वाया जातं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला कडाक्याची थंडी पडली की मुळी मंदावते, हे तिथल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत असतं.

मी गेली चौदा वर्षं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहते. इथला हिवाळा निफाडच्या थंडीला मोजणारा नाही. 30 जानेवारी 2019 ला पारा उणे 33 सेल्सिअसवर गेला होता. पण अण्णांचा प्रश्न इथेही तोच आहे. पहिली काही वर्षं मी तो विचारला नाही. पानं गळली की बाग संपली असं समजून ऑक्टोबरात अवजारं धुऊन ठेवायचे. खरं तर त्या वेळी जमिनीखाली काम जोरात चालू असतं.

कारण सोपं आहे. हवा लवकर गार होते, माती सावकाश. पानं लाल-पिवळी होऊन पडतात तेव्हाही वीतभर खाली माती 10 अंशांच्या आसपास असते. झाडाला वर फांद्या वाढवायच्या नसतात, पानांनी उन्हाळाभर केलेली साखर खाली उतरलेली असते, आणि माती बहुतेक ओलसर असते. झाडाचा शेंडा थंडीच्या आधी ठरवून झोपी जातो, मुळाचं तसं नसतं. माती साधारण 5 अंशांच्या खाली जाईपर्यंत ते थोडंथोडं चालत राहतं, आणि पुन्हा ऊब मिळाली की चालू होतं. म्हणून स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर मी बागेत नेते. सकाळी 10 सेंटीमीटर खोल टोचायचा, आकडा वहीत लिहायचा. कॅलेंडरपेक्षा हा आकडा खरा.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर लसूण लावा. निफाडला रब्बीचा लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, इथेही ऑक्टोबरातच, फक्त तिकडे तो फेब्रुवारी-मार्चात निघतो आणि इथे जुलैत. मी 'म्युझिक' जातीचा, मधे कडक दांडा असलेला लसूण लावते. वाण्याकडचा लावू नका, तो बहुधा उबदार प्रदेशातला असतो. गड्डा लावायच्या दिवशीच फोडा, मोठ्या पाकळ्या घ्या, बूड खाली, टोक वर, टोकावर पाच सेंटीमीटर माती, दोन पाकळ्यांत वीतभर अंतर. तीन आठवड्यांनी एक पाकळी हलकेच उकरा. वर कोंबाचा पत्ता नसतो, पण बुडाला बोटभर लांब पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचा झुबका असतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला होता, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते तरी. आपल्याला हवं ते एवढंच: मुळी धरावी, कोंब मात्र वर येऊ नये. फार लवकर लावलं तर कोंब वर येतो आणि गारठतो, फार उशिरा लावलं तर मुळी धरत नाही. आणि हिवाळा चुकवून थेट मे महिन्यात लावला तर पुरेशी थंडी न मिळाल्याने बरेचदा पाकळ्याच पडत नाहीत, एककळी लसूण निघतो.

नव्या झाडांसाठीही हाच काळ महत्त्वाचा. माझ्याकडे हनीक्रिस्प सफरचंदाची दोन झाडं आहेत. ही जात इथल्याच मिनेसोटा विद्यापीठाने 1991 मध्ये आणली, थंडीला काटक. पण काटकपणा फांद्यांचा. सफरचंदाची मुळं उणे 10 च्या आसपास मरू लागतात, कारण मातीने पांघरलेली असल्यामुळे त्यांना तेवढी थंडी सोसायची सवयच होत नाही. ओली माती कोरडीपेक्षा सावकाश गार होते, म्हणून सप्टेंबरपासून जमीन गोठेपर्यंत, पाऊस नसेल त्या आठवड्यात, प्रत्येक झाडाला दोन बादल्या पाणी. खोडाशी ओतू नका. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात, पाणी तिथे हवं. नत्र खत मात्र ऑगस्टनंतर नको, कोवळी फूट येते आणि थंडीत करपते.

आच्छादन कधी घालायचं यात माझी चूक झाली होती. मी सप्टेंबरातच काड पसरलं, तेही खोडाला टेकवून ढीग करून. बर्फाखाली उंदरांनी त्यात घर केलं आणि एका झाडाची साल गोलाकार कुरतडली. ते झाड गेलं. आता लसणावर गव्हाचं काड चार बोटं जाड घालते, पण वरची माती गोठून कडक झाल्यावर, सहसा नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. झाडाभोवतीही घालते, मात्र खोडापासून हातभर मोकळं ठेवून, आणि खोडाला बारीक जाळी गुंडाळून.

आच्छादनाने जमीन गरम राहत नाही. ते फक्त चढउतार थोपवतं. सगळ्यात चांगलं आच्छादन बर्फच, त्यात हवा कोंडलेली असते. ज्या वर्षी बर्फ कमी आणि गारठा जास्त, ते वर्ष मुळांना वाईट. आमच्या डेकचे, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याचे, खांब रोवताना 42 इंच खोल खड्डे घ्यायला लागले, कारण उघडी जमीन तेवढी खोलवर गोठू शकते असं धरूनच इथला बांधकामाचा नियम आहे.

कुंडीला तर चहूबाजूंनी थंडी. तिथे मुळाला मातीचं पांघरूण नाही, कुंडीतली माती जवळजवळ हवेइतकीच थंड होते. बाहेर ठेवायचंच असेल तर कुंडीसकट वाफ्यात पुरा. कढीपत्ता रात्रीचं तापमान 10 च्या खाली जायच्या आत, म्हणजे सप्टेंबरातच, घरात. खिडकीतल्या थंड फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी पाट द्या, आणि वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नका. पानं गळतात म्हणून आपण पाणी वाढवतो, आणि गार ओल्या मातीत मुळं कुजतात. कुंडी बदलायची ती मे महिन्यात.

मार्च-एप्रिल जास्त धोक्याचा. दिवसा माती सुटते, रात्री गोठते. ओल्या मातीत बर्फाचे थर तयार होतात आणि रोपाला वर ढकलतात. लसणाच्या पाकळ्या, स्ट्रॉबेरीची रोपं मुळं उघडी पडून आडवी झालेली दिसतात. ती बोटाने हलकेच दाबून बसवा, वर मूठभर माती द्या. काड एप्रिलमध्ये कोंब दिसू लागले की थोडं बाजूला करा, सगळं उचलू नका. आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकून मोकळी झाल्याशिवाय, वाफ्यात पाय ठेवू नका. मातीचा गोळा करून बोटाने दाबा: चिकट राहिला तर थांबा, भुगा झाला तर कामाला लागा. चिखलात तुडवलेल्या जमिनीत मुळीला हवाच मिळत नाही.

झाडांची मुळी कळ्या फुगायच्या सुमाराला, कधी त्याआधीही, पुन्हा चालू होते. उन्हाळ्यात माती तापून सुकली की मंदावते, तेव्हा आठवड्यातून एकदा खोल पाणी पुरतं.

लसणाची खालची पानं तिसऱ्या हिश्शाने पिवळी पडली की, जुलैच्या मध्याला, खुरप्याने सैल करून काढा. ओढू नका. मुळं तशीच ठेवून सावलीत तीन आठवडे वाळवा आणि मगच कापा. मी सगळ्यात मोठे पाच गड्डे कागदी पिशवीत बाजूला ठेवते. ऑक्टोबरात त्यांच्याच पाकळ्या लागतात.