कैसरच्या आणि हाब्सबुर्ग सम्राटाच्या अधिकाऱ्यांची कारकीर्द व पदके कशी शोधावीत

हाती एक जुना फोटो आहे, छातीवर तीन-चार पदके आहेत आणि मागे पेन्सिलीने खरडलेले नाव आहे. बहुतेक लोक लगेच पदके ओळखायला बसतात आणि तिथेच फसतात. आधी ठरवायचे ते हा अधिकारी कोणाच्या सैन्यातला होता हे. त्याचे कागद कोणत्या शहरात आहेत आणि मुळात शिल्लक आहेत की नाहीत, हे त्यावरच अवलंबून असते.

१८७१ ते १९१८ या काळात 'जर्मन सैन्य' असे एकसंध काही नव्हते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्हुर्टेम्बर्ग यांची युद्धमंत्रालये वेगळी होती आणि अधिकाऱ्यांच्या फायलीही वेगळ्या. ऑस्ट्रिया-हंगेरीत तर तीन फौजा होत्या: दोन्ही राज्यांची सामाईक 'के. उ. के.' फौज, ऑस्ट्रियाची लांडव्हेर आणि हंगेरीची होनव्हेद. नौदले आणखी निराळी.

फोटोवरून पहिला अंदाज बांधता येतो. फिती त्रिकोणी घडीच्या असतील तर ऑस्ट्रिया-हंगेरी, सरळ उभ्या पट्टीवर ओळीने लावलेल्या असतील तर बहुधा जर्मनी. कॉलरवरचे तारे हीसुद्धा ऑस्ट्रो-हंगेरियन खूण. एक तारा लेफ्टनंटचा, दोन ओबरलेफ्टनंटचे, तीन कॅप्टनचे. जर्मन अधिकाऱ्याची श्रेणी खांद्यावर दिसते.

आता कागदांकडे. प्रशियाचे लष्करी दप्तर पॉट्सडॅमला होते आणि १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्याचा फार मोठा भाग जळाला. प्रशियन अधिकाऱ्याची मूळ फाइल मिळेल ही आशा सोडूनच कामाला लागावे. इतर तीन राज्यांचे नशीब बरे होते: बव्हेरियाची कागदपत्रे म्युनिकच्या युद्ध-दप्तरात, सॅक्सनीची ड्रेस्डेनच्या राज्य-दप्तरात आणि व्हुर्टेम्बर्गची श्टुटगार्टला आहेत. बाडेनची फौज प्रशियन सैन्यात विलीन झाली होती, तरी तिथल्या १४ व्या कोरचे (मोठ्या सैन्यविभागाचे) कागद कार्ल्सरूहेला वाचले. नौदलाचे कागद फ्रायबुर्गच्या लष्करी दप्तरात आहेत. जो प्रशियन अधिकारी पुढे वाइमार काळातल्या (१९१९-३३) किंवा हिटलरच्या सैन्यात राहिला, त्याची नंतरची फाइलही फ्रायबुर्गला तपासावी, कारण तिच्यात १९१८ पूर्वीच्या नोकरीचा गोषवारा बरेचदा सापडतो.

फाइल जळाली म्हणून माणूस हरवत नाही. दरवर्षी छापली जाणारी 'रांगलिस्ट' म्हणजे अधिकाऱ्यांची ज्येष्ठता-यादी. प्रशियाची शेवटची शांतताकालीन यादी १९१४ ची, आणि व्हुर्टेम्बर्गची १३ वी कोर तिच्यातच आहे. बव्हेरिया व सॅक्सनीच्या याद्या स्वतंत्र. यादीत माणूस रेजिमेंटखाली असतो. नावापुढे मिळालेल्या पदकांच्या खुणा आणि नेमणुकीच्या सनदेची तारीख. तारखेमागे एखादे रोमन अक्षर, कधी दोन अक्षरे दिसतात. ती छपाईची चूक समजून गाळू नका. एकाच दिवशी सनद मिळालेल्यांत कोण वरचा, कोण खालचा, हे त्या अक्षरांवरून ठरते. पदकांच्या खुणांचा खुलासा त्या-त्या वर्षाच्या पुस्तकात सुरुवातीला असतो आणि तो त्याच वर्षाचा वापरावा.

एकच यादी पाहून थांबू नये. १९०८ पासून १९१४ पर्यंतच्या सलग याद्या लावल्या की बदली, बढती आणि नवे पदक ही सगळी साखळी वर्षावर्षाने उलगडते. नेमकी तारीख हवी असेल तर 'मिलिटेर-वोखेनब्लाट' हे लष्करी नियतकालिक चाळावे. बढत्या, बदल्या, निवृत्त्या त्यात छापल्या जात. युद्धानंतर १९२६ मध्ये निघालेली 'एरेन-रांगलिस्ट' १९१४ च्या रेजिमेंटनिहाय मांडणीवर प्रत्येकाचे पुढे काय झाले ते सांगते. मृत व जखमींच्या अधिकृत याद्या जर्मन वंशावळ संशोधकांच्या संस्थेने ऑनलाइन शोधण्याजोग्या केल्या आहेत. बव्हेरियन युद्धनोंदवह्या एका सशुल्क वंशावळ-संकेतस्थळावर आहेत. लढाया आणि पदके तिथे एकाच ओळीत सापडतात.

एर्विन रोमेलचेच घ्या. दुसऱ्या महायुद्धातला हा 'जर्मन' सेनापती मुळात व्हुर्टेम्बर्गचा. १९१० मध्ये तो वाइनगार्टनच्या १२४ क्रमांकाच्या पायदळ रेजिमेंटमध्ये दाखल झाला, २७ जानेवारी १९१२ रोजी लेफ्टनंट झाला. हा कैसरचा वाढदिवस, आणि अशा दिवशी बढत्या देण्याची रीतच होती. म्हणजे त्याचे नाव १९१४ च्या प्रशियन यादीत, व्हुर्टेम्बर्गच्या रेजिमेंटखाली शोधायचे आणि १९१८ पर्यंतचे मूळ कागद श्टुटगार्टला. मात्र १९१७ च्या डिसेंबरात मिळालेले 'पुर ल मेरिट' हे प्रशियाचे पदक. नोकरी एका राजाची, पदक दुसऱ्याचे, हे या विषयात नेहमीचेच आहे.

ऑस्ट्रिया-हंगेरीचे काम एका अर्थाने सुखाचे. व्हिएन्नाच्या युद्ध-दप्तरात अधिकाऱ्यांच्या 'क्वालिफिकात्सिओन्सलिस्ट', म्हणजे गोपनीय अहवाल, आडनावांच्या क्रमाने लावलेले आहेत. त्यांत जन्म, शिक्षण, बढत्या आणि लढायांशिवाय माणसाचा स्वभाव, घोडेस्वारी, सांपत्तिक स्थिती आणि कोणती भाषा कितपत येते हेही असते. भाषेचा रकाना मजेशीर आहे: रेजिमेंटच्या शिपायांची भाषा अधिकाऱ्याने तीन वर्षांत शिकणे अपेक्षित होते, त्यामुळे जर्मन, हंगेरियन, झेक, क्रोएशियन अशी यादीच दिसते. छापील साधन म्हणजे 'शेमाटिस्मुस', अधिकाऱ्यांची वार्षिक यादी. शांतताकाळात मोठ्या बढत्या १ मे आणि १ नोव्हेंबरला होत, म्हणून तारीख अंदाजे काढायची तर या दोन दिवसांपासून सुरुवात करावी. ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'आन्नो' या वृत्तपत्र-संग्रहात जुने अंक फुकट वाचता येतात. होनव्हेद अधिकाऱ्यासाठी बुडापेस्टचे लष्करी इतिहासाचे दप्तर गाठावे.

हमखास घोळ होतो तो नावांत. कार्ल, कारोय आणि कारेल एकच माणूस असू शकतो. पोझोनी, प्रेसबुर्ग आणि आजचे ब्रातिस्लाव्हा एकच गाव. त्यात सरदारकी आली की आडनावच लांबते. ऑस्ट्रो-हंगेरियन सेनापती स्वेतोझार बोरोएविचला १९०५ मध्ये 'फॉन बोयना' ही सरदारकीची जोड मिळाली, तेव्हा त्याआधीच्या यादीत ते शेपूट शोधून उपयोग नाही. बव्हेरियाचा मॅक्स-योसेफ हा लष्करी सन्मान मिळालेला अधिकारी 'रिटर फॉन' होई, पण तो मान त्याच्यापुरताच. हा सन्मान पुढे मिळालेला रोबेर्ट ग्राइम बव्हेरियाच्या १९१४ च्या यादीत नुसता ग्राइम आहे, 'रिटर फॉन ग्राइम' नाही. १९१९ मध्ये ऑस्ट्रियाने सरदारकी रद्द केली, तर जर्मनीत 'फॉन' आडनावाचाच भाग झाला. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकाच घराण्याची नावे वेगळी दिसण्याचे हे कारण.

बऱ्याच याद्या फ्राक्टुर या जुन्या जर्मन छपाईच्या लिपीत आहेत. तिच्यातला लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, 'आय' आणि 'जे' एकाच अक्षराने छापतात, 'बी' आणि 'व्ही' जुळे भाऊ. संगणकाने वाचलेल्या मजकुरात नाव सापडले नाही तर चुकीची रूपे टाकून पाहावीत.

पदकांपैकी सर्वांत महागात पडणारी गल्लत: 'आयर्न क्रॉस' प्रशियाचा आणि 'आयर्न क्राऊन' ऑस्ट्रियाचा. नाव सारखे, बाकी काहीच नाही. दुसऱ्या वर्गाचे आयर्न क्रॉस पहिल्या महायुद्धात लाखोंनी वाटले गेले आणि त्यांची मध्यवर्ती यादी नाही. तिथे रेजिमेंटची नोंदवही किंवा प्रमाणपत्र हाच पुरावा. काळ्या फितीला पांढरे काठ असतील तर लढणाऱ्याचा, पांढऱ्या फितीला काळे काठ असतील तर न लढणाऱ्याचा.

ऑस्ट्रियन पदकांवर काळ स्पष्ट लिहिलेला असतो. 'सिग्नुम लाउडिस' या लष्करी पदकावर सम्राट फ्रान्ट्स योसेफचा चेहरा की त्याच्यानंतर आलेल्या कार्लचा ते पाहा; फ्रान्ट्स योसेफ २१ नोव्हेंबर १९१६ रोजी वारला. त्या पदकावरच्या तलवारी १३ डिसेंबर १९१६ नंतरच्या. आघाडीवरच्या सैनिकांसाठीचे 'कार्ल ट्रुपेनक्रॉइत्स' हे पदकही त्याच तारखेला सुरू झाले. तेव्हा १९१५ म्हणून दाखवलेल्या फोटोत तलवारी दिसल्या तर तारीख चूक आहे, किंवा फोटो. पदक का मिळाले हे जाणून घ्यायचे तर व्हिएन्नाच्या दप्तरातल्या पदक-शिफारशी मागवाव्यात. अधिकाऱ्यांच्या आणि शिपायांच्या शिफारशी वेगळ्या ठेवल्या आहेत. मारिया थेरेसिया या सर्वोच्च सन्मानासाठी तर अधिकाऱ्याने स्वतःच साक्षीदारांसह अर्ज करायचा असे. त्यामुळे त्या फायली वाचायला सगळ्यांत रसरशीत.

मराठी वाचकाला जवळचा एक धागा अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. पहिल्या महायुद्धात तिथे जर्मन नजरकैदी होते, पूर्व आफ्रिकेतून आणलेलेसुद्धा. कारकिर्दीत अशी पोकळी दिसली तर रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने ऑनलाइन ठेवलेल्या युद्धकैद्यांच्या नोंदी पाहाव्यात.

दप्तराला पत्र लिहिताना पूर्ण नाव, त्याची सर्व रूपे, जन्मवर्ष, जन्मगाव, रेजिमेंट आणि हवा असलेला नेमका कागद एवढेच लिहावे. जन्मवर्ष नसेल तर 'मुलर' किंवा 'नॉवाक' अशा आडनावाच्या विनंतीला उत्तर मिळणे अवघड.