जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकताय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

विंडोज ११ ला टीपीएम नावाची सिक्युरिटीची चिप लागते, ती अट कशी चुकवायची यावर ढिगाने व्हिडिओ आहेत, आणि खरं सांगू का, ते सगळ्यात सोपं काम आहे, एका चौकटीत टिक मारायची असते बस. माणूस लटकतो तो त्याच्या पुढे. नवीन विंडोज बसलं, स्क्रीन म्हणते नेटवर्क जोडा, आणि वायफायची यादी कोरी. मी असाच लटकलो होतो, पातळ लॅपटॉप, लॅनची पिन लावायला जागाच नाही, टचपॅड हलत नाही, आणि घरात दुसरा कॉम्प्युटर नाही. म्हणून ही यादी, आणि एक गोष्ट यात मी परत परत बोलणार आहे, वैताग आला तरी चालेल: फॉरमॅट मारायच्या आधी, चालू विंडोज १० मधूनच, सगळे ड्रायव्हर, म्हणजे वायफाय-टचपॅड वगैरे चालवणारे छोटे प्रोग्रॅम, बाहेर काढून ठेवा.

आधी हे करायचंच आहे का ते बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरणाऱ्यांना ईएसयू म्हणून जादा सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, अपडेटच्या पानावरच त्यासाठी नाव नोंदवायचा पर्याय येतो. घरात एकच मशीन आहे आणि पोराची परीक्षा किंवा रिटर्न भरायचे दिवस तोंडावर आहेत तर गपचूप ते घ्या आणि हा उद्योग सुट्टीत करा.

दुसरं, मशीन खरंच नापास आहे का? रनमधे टीपीएम डॉट एमएससी टाकून बघा. बऱ्याच मशीनमधे टीपीएम असतो पण बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) बंद ठेवलेला असतो, इंटेलवर त्याला पीटीटी म्हणतात आणि एएमडीवर एफटीपीएम. तो चालू केला की अर्धी अडचण गेली. उरलेली अर्धी प्रोसेसरची, इंटेल आठव्या पिढीच्या आधीचं जवळपास सगळं मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेर आहे, एएमडीचे पहिले रायझनसुद्धा. यादीबाहेर म्हणजे चालणार नाही असं नाही, सहाव्या-सातव्या पिढीचा आय ५ आणि एसएसडी असेल तर मस्त चालतं. पण कोअर टू ड्युओवाल्यांनी इथेच थांबायचं. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमधे एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या अंगभूत इन्स्ट्रक्शन लागतात, त्या नसतील तर ते सुरूच होत नाही, आणि याला कुठली टिक नाही, कुठला जुगाड नाही. त्यावर लिनक्स टाका आणि सुखी व्हा. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर पण टाकू नका, चालेल, पण तुम्हाला बघवणार नाही.

बॅकअप घ्या, हे काय सांगायचं. फक्त डीटीपीवाल्यांनी आणि जुनी मराठी टायपिंग करणाऱ्यांनी फॉन्ट विसरू नका, युनिकोडच्या आधीचे ते फॉन्ट नवीन विंडोजमधे नसतात आणि ते नसले की जुन्या फायलींत नुसती अक्षरांची भेळ दिसते.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय. बायोसमधे टीपीएम किंवा सिक्युअर बूटला (सुरू होताना विंडोज तपासणारी सेटिंग) हात लावायच्या आधी सेटिंगमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा, किंवा ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. कागदावर. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नाही.

आता ड्रायव्हर. कंपनीच्या साइटवरून नंतर उतरवू असं म्हणणाऱ्यांनो, नंतर नेट कुठून आणणार? आणि जुन्या मॉडेलचं पान असेलच कशावरून? त्यापेक्षा जे ड्रायव्हर आत्ता या क्षणी चालू आहेत तेच उचला. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पीएनपीयूटिल ही कमांड विंडोजमधेच असते, तिच्यापुढे स्लॅश एक्स्पोर्ट हायफन ड्रायव्हर, मग एक स्टार, मग फोल्डरचा पत्ता. फोल्डर आधी बनवून ठेवा. काही मिनिटांत बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमधे येऊन पडतात. विंडोज १० चे ड्रायव्हर ११ वर बहुतेक वेळा जसेच्या तसे चालतात त्यामुळे वेगळं काही शोधायचं नाही.

एवढ्यावर समाधान मानू नका, फोल्डर उघडून वायफायचा त्यात आहे का ते बघा. डिव्हाइस मॅनेजरमधे वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमधे जाऊन हार्डवेअर आयडी बघा, व्हीईएनच्या पुढे ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १६८सी ॲथेरॉस. इंटेल असेल तर नवीन विंडोज स्वतःच ओळखण्याची शक्यता बरी, बाकीच्यांचा भरवसा नाही. त्या आयडीचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा, शोधायची वेळ आलीच तर मॉडेलच्या नावापेक्षा हा नंबर कामाचा. टचपॅडचं पण तसंच, सहाव्या-सातव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपवर इंटेलचा सिरियल आयओ ड्रायव्हर नसला की टचपॅड मरतो, म्हणून एक वायरवाला माऊस हाताशी ठेवा. यूएसबीचा वायफाय डोंगल असेल कुणाचा तर मागून आणा, पण त्याच्यासाठी ड्रायव्हर लागत नाही ना ते आधी चालू मशीनमधे लावून बघा, नाहीतर एका रोगाचे दोन झाले.

पेनड्राईव्ह. इथे एक खड्डा आहे. आयएसओ, म्हणजे विंडोज बसवायची अख्खी फाईल, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, पाच जीबीच्या वर असते, आणि ती पेनड्राईव्हवर चढवायला रूफस हा प्रोग्रॅम वापरा. रूफसमधे स्टार्ट दाबलं की एक खिडकी येते, त्यात चार जीबी रॅम, सिक्युअर बूट, टीपीएम यांची अट काढा याला टिक, ऑनलाइन खात्याची अट काढा याला टिक, बिटलॉकर आपोआप चालू करू नका यालाही टिक. झालं, ज्याच्यावर एवढे व्हिडिओ निघाले ते हे. मशीन सुरू होण्याच्या दोन पद्धती असतात, तुमचं यूईएफआयवर आहे की जुन्या लेगसीवर ते एमएसइन्फो३२ मधे बायोस मोड म्हणून दिसतं, यूईएफआय असेल तर रूफसमधे जीपीटी, लेगसी असेल तर एमबीआर निवडा, हे डिस्कचे भाग मांडायचे दोन प्रकार. आणि खड्डा असा की रूफस पेनड्राईव्ह साफ पुसतो, म्हणजे ड्रायव्हरचा फोल्डर तुम्ही त्यावर आधी ठेवला असेल तर गेला. तो रूफसचं काम झाल्यावर कॉपी करायचा. आणि एक कॉपी मोबाईलमधे किंवा दुसऱ्या पेनड्राईव्हवर. फॉरमॅट मारायला बसलात की पहिलं काम, फोल्डर पेनड्राईव्हवर आहे का बघा. दिसला? उघडून बघितलात? मग पुढे.

शेवटचा आधार म्हणून ॲन्ड्रॉइड मोबाईलचं यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने मोबाईलचं नेट लॅपटॉपला देणं, विंडोजला ते बहुतेक वेळा लॅन लावल्यासारखंच दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आयफोनवाल्यांना ॲपलचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे फिरून तिथेच. केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलीने काही होत नाही आणि आपण तासभर मोबाईलला शिव्या घालतो. दिवसाचा दोन जीबीचा पॅक असेल तर विंडोज अपडेट तो बघता बघता गिळेल, वायफायचा ड्रायव्हर बसला की केबल काढा.

चार्जर लावून बसा, बॅटरी फुल असू द्या, लाईट जायची वेळ टाळा. बूट मेन्यूचं बटण एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, दाबत राहा.

सेटअपमधे प्रॉडक्ट की नाही असं सांगा आणि आधी होम होतं तर होम, प्रो होतं तर प्रो निवडा, नाहीतर ॲक्टिव्हेशनला रडाल. डिस्क एमबीआर आहे म्हणून पुढे जाऊ देत नसेल तर त्या डिस्कचे सगळे पार्टिशन उडवावे लागतील, डी ड्राईव्ह पण जाईल, बॅकअप घेतलाय ना. दोन डिस्क असतील तर साइज वाचून हात लावा.

नेटवर्कच्या स्क्रीनवर अडकलात तर शिफ्ट एफ १०, लॅपटॉपवर कधी सोबत एफएन पण दाबावं लागतं. काळी खिडकी येते. त्यात डिस्कपार्ट टाकून लिस्ट व्हॉल्यूम करून पेनड्राईव्हचं अक्षर बघा, एक्झिट करा, मग तीच पीएनपीयूटिल, या वेळी स्लॅश ॲड हायफन ड्रायव्हर, फोल्डरचा पत्ता आणि शेवटी स्टार डॉट आयएनएफ, मग स्लॅश सबडीआयआरएस, स्लॅश इन्स्टॉल. दोन मिनिटांत वायफाय दिसायला लागतं, फोल्डर असेल तर. रूफसमधे खात्याची टिक मारली असेल तर नेट नाही म्हणून पुढे जाता येतं, पण डेस्कटॉपवर पोचूनही वायफाय नाही ते नाहीच, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधून त्याच फोल्डरकडे बोट दाखवा.

मग अपडेट, ऑप्शनल अपडेट, ॲक्टिव्हेशन एकदा बघा, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रिंटर. पिवळं चिन्ह दिसलं की फोल्डर. महिन्याचे सिक्युरिटी अपडेट येतात साधारण, मायक्रोसॉफ्ट मात्र अशा मशीनला हमी देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती हाताने टाकायची, आणि होम-प्रोच्या एका आवृत्तीला दोनच वर्षं अपडेट मिळतात, २४एच२ चे १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतात, त्यामुळे आत्ता टाकताय तर २५एच२ ची आयएसओ घ्या.